मुलीला एसएटीत १४३० आले, ऑगस्टमध्ये परत द्यायला लावावी का?

ताई, तुमचा प्रश्न आधी दोन ओळीत परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी आत्ता ज्युनियर इयर म्हणजे अकरावी संपवतेय, अमेरिकेतच शाळा, मे महिन्यात पहिल्यांदा एसएटी (कॉलेज प्रवेशासाठीची १६०० मार्कांची परीक्षा) दिली, एकूण १४३०, त्यात मॅथ ७६० आणि इंग्लिश ६७०. तिच्या बाबांचं म्हणणं १५०० व्हायलाच पाहिजेत, ऑगस्टमध्ये परत दे. मुलगी म्हणते पुरे झालं, मला उन्हाळ्यात एसे (कॉलेजच्या अर्जातले निबंध) लिहायचेत आणि जरा झोपायचंय. कॉम्प्युटर सायन्सला जायचंय. आणि घरात गेले दोन आठवडे याच विषयावर जेवणं होतायत.

मी बरीच वर्षं एसएटी आणि तिच्यासारखीच दुसरी परीक्षा एसीटी शिकवतो आणि अर्जाच्या सीझनला घरोघरी हाच प्रश्न ऐकतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी एक सांगतो, १४३० हा चांगला स्कोअर आहे. बाबांना तो कमी वाटतोय कारण ते ज्यांच्या मुलांशी तुलना करतायत त्यांच्यातले फक्त १५५० वालेच आकडा बोलून दाखवतात, बाकीचे गप्प बसतात.

परत द्यायची की नाही हे १४३० या आकड्याकडे बघून ठरतच नाही. ते ठरतं दोन अंतरांवरून. एक, तिचा खरा स्कोअर आणि तिच्या सरावातले स्कोअर यातलं अंतर. दुसरं, तिचा स्कोअर आणि तिच्या यादीतली कॉलेजं त्या स्कोअरचं प्रत्यक्षात काय करतात यातलं अंतर. तुम्ही प्रश्नात या दोन्हीबद्दल काहीच लिहिलं नाहीये, आणि बहुतेक घरांत असंच असतं, चर्चा सगळी आकड्यावर.

पहिलं घ्या. परीक्षेच्या आधी तिने ब्लूबुक, म्हणजे ज्या ॲपवर एसएटी होते, त्यातल्या ऑफिशियल प्रॅक्टिस टेस्ट दिल्या असतील ना, त्यातल्या शेवटच्या दोन-तीन, सलग बसून, टायमर लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दिलेल्या, त्यांचे स्कोअर तिला विचारा. अर्धी आज अर्धी उद्या दिलेली टेस्ट धरू नका, दुसऱ्यांदा दिलेली तीच टेस्ट तर अजिबात धरू नका, प्रश्न लक्षात राहतात आणि स्कोअर फुगतो.

सरावात १४८०-१५०० येत होते आणि खऱ्या परीक्षेत १४३० झाले असतील तर परत द्या, यात फार विचार करण्यासारखं काही नाही. तिची तयारी आकड्यापेक्षा वरची आहे, त्या दिवशी काहीतरी बिनसलं, झोप नसेल, पहिलीच वेळ म्हणून धडधड झाली असेल, एखाद्या उताऱ्यावर अडकून वेळ गेला असेल. अशा मुलांना दुसऱ्या वेळी फारसा अभ्यास न करताही फरक पडलेला मी पाहिलाय. पण सरावातही १४२०-१४४० च येत असतील तर १४३० हा तिचा आजचा खराखुरा स्कोअर आहे, आणि नुसती तारीख बदलून तो बदलणार नाही, मधल्या दोन महिन्यांत अभ्यासात काहीतरी वेगळं झालं तरच बदलेल. आणि सरावात १३८० च्या आसपास असताना १४३० आले असतील तर तो दिवस तिच्या बाजूचा होता, घ्या आणि पुढे चला, परत दिली तर खाली येण्याची शक्यता वर जाण्यापेक्षा जास्त.

इथे एक गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही. एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डच्या स्कोअर रिपोर्टवर आकड्याच्या सोबत एक रेंज दिलेली असते, एकूण स्कोअरला साधारण ४० पॉइंट वर-खाली. म्हणजे त्यांचंच म्हणणं आहे की हीच मुलगी, हीच तयारी, दुसऱ्या शनिवारी बसली असती तर १३९० ते १४७० मध्ये कुठेही आली असती. तेव्हा १४३० चे १४६० करायला अख्खा उन्हाळा घालवणं म्हणजे त्या वर-खालीच्या मागे धावणं. परत द्यायची तर निदान ५०-६० पॉइंटची खरी जागा दिसली पाहिजे, आणि ती कुठे दिसते ते सांगतो.

तुमच्या मुलीच्या बाबतीत जागा इंग्लिशमध्ये आहे, मॅथच्या ७६० ला आत्ता हात लावायचं कारण नाही. स्कोअर रिपोर्ट उघडा, इंग्लिशच्या खाली चार पट्ट्या दिसतील. इन्फर्मेशन अँड आयडियाज, क्राफ्ट अँड स्ट्रक्चर, एक्स्प्रेशन ऑफ आयडियाज आणि स्टँडर्ड इंग्लिश कन्व्हेन्शन्स. कोणते प्रश्न चुकले हे ते खऱ्या परीक्षेत दाखवत नाहीत, पण कुठली पट्टी आखूड आहे ते दिसतं आणि माझ्या मते सगळा निर्णय त्या एका पानावर आहे.

कन्व्हेन्शन्सची पट्टी आखूड असेल तर आनंदाची बातमी समजा. स्वल्पविराम, सेमीकोलन, कोलन, कर्ता-क्रियापद जुळणं, काळ, एवढंच त्यात असतं, नियम मोजके आहेत आणि इंग्लिशच्या जवळपास २६ टक्के प्रश्न त्यावर येतात. हे सहा आठवड्यांत सुधारतं, आणि सुधारलेलं टिकतं. एक्स्प्रेशन ऑफ आयडियाज पण तसंच, हाउएव्हर की देअरफोर की फॉर इन्स्टन्स असले जोडशब्द आणि मुद्द्यांच्या यादीवरून वाक्य निवडणं, हे सवयीने जमतं.

पण क्राफ्ट अँड स्ट्रक्चर किंवा इन्फर्मेशन अँड आयडियाज आखूड असतील तर गाडी हळू चालते. तिथे शब्दाचा संदर्भाने अर्थ, लेखकाचा हेतू, दोन उताऱ्यांची तुलना, उताऱ्यातून निष्कर्ष काढणं, हे सगळं वाचनाच्या जोरावर येतं आणि ते वाचन लहानपणापासूनचं असतं. दोन महिन्यांत अजिबात हलत नाही असं नाही, पण २०-३० पॉइंटच्या वर मी कोणाला वचन देणार नाही, आणि जो क्लासवाला देतो त्याला पैसे देण्याआधी दोनदा विचार करा.

एक छोटी युक्ती मात्र आजच करून बघण्यासारखी आहे. इंग्लिशचे दोन भाग म्हणजे मॉड्यूल असतात, प्रत्येकात ३२ मिनिटांत २७ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या आत, आणि क्रम ठरलेला असतो, आधी शब्दार्थ नि क्राफ्टचे, मग उताऱ्यांचे, मग व्याकरणाचे, शेवटी एक्स्प्रेशनचे. हळू वाचणारी मुलं मधल्या अवघड उताऱ्यांवर वेळ घालवतात आणि शेवटचे सोपे प्रश्न घाईत चुकवतात. तिने व्याकरणाचे प्रश्न आधी उडवून मग मागे यावं, ॲपमध्ये उडी मारता येते. एका सराव टेस्टमध्ये हे करून बघा, नुसत्या क्रमाने फरक पडत असेल तर परत देण्यासाठी तेवढं कारण पुरेसं आहे. आणि कुठलाही प्रश्न मोकळा सोडायचा नाही, चुकीला मार्क कापत नाहीत. पहिल्या मॉड्यूलला जास्त जपायचं, कारण त्यावरून दुसरं मॉड्यूल अवघड येणार की सोपं ते ठरतं, आणि सोपं आलं की सगळं बरोबर सोडवूनही वरचा स्कोअर मिळत नाही. ६७० वाल्या मुलीला बहुतेक अवघडच मिळालं असणार, तरी पहिल्यात हलगर्जी नको.

आता दुसरं अंतर, कॉलेजं. तिची यादी काढा, दहा-बारा नावं असतील, आणि प्रत्येकासमोर लिहा की हे कॉलेज स्कोअर मागतं, ऐच्छिक ठेवतं की बघतच नाही. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांच्या यादीत अर्धी युसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची) कॅम्पसेस असतात, बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो, अर्व्हाइन, आणि युसी ॲडमिशनसाठी एसएटी बघतच नाही, तुम्ही १६०० पाठवले तरी नाही. कॅल स्टेट या तिथल्याच दुसऱ्या सरकारी युनिव्हर्सिटीची कॉलेजंसुद्धा नाही बघत. तिची पहिली पाच नावं यातली असतील तर ऑगस्टचा प्रश्न तिथेच संपला, तो वेळ युसीच्या पर्सनल इनसाइट प्रश्नांना द्या, आठातल्या चारांची उत्तरं लिहायची असतात आणि मुलं ती शेवटच्या आठवड्यात खरडतात.

उलट कॉम्प्युटर सायन्स म्हणजे यादीत जॉर्जिया टेक, परड्यू, यूटी ऑस्टिन यातलं काहीतरी असणारच, आणि ही तिन्ही स्कोअर मागतात. फ्लोरिडाच्या सरकारी युनिव्हर्सिट्यांनी तर कोविडच्या काळातही स्कोअर मागणं सोडलं नाही. एमआयटीने २०२२ मध्ये परत सक्तीचा केला, २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक एकामागोमाग आले, त्यात येल एसएटी-एसीटीऐवजी एपी किंवा आयबी या शाळेतल्या वरच्या पातळीच्या विषयांच्या परीक्षांचे मार्कही चालवून घेतं. नियम दर वर्षी बदलतायत, म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांवर जाऊ नका, कॉलेजच्या स्वतःच्या ॲडमिशनच्या पानावर तिच्या वर्षाचा नियम वाचा.

मग प्रत्येक कॉलेजचा कॉमन डेटा सेट शोधा, म्हणजे कॉलेज स्वतः छापतं ती आकडेवारी. गूगलवर कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकले की मिळतो. त्यातल्या सी ९ मध्ये प्रत्यक्ष प्रवेश घेतलेल्या मुलांच्या स्कोअरचा २५ वा आणि ७५ वा पर्सेंटाइल असतो (ज्या आकड्याच्या खाली २५ टक्के आणि ७५ टक्के मुलं असतात) आणि सी ७ मध्ये ते कॉलेज टेस्ट, ग्रेड्स, विषयांची काठिण्यपातळी, एसे यांना किती महत्त्व देतं ते लिहिलेलं असतं. पालक सी ९ बघून घाबरतात आणि सी ७ बघतच नाहीत.

सी ९ वाचताना मात्र डोकं ठिकाणावर ठेवा. जिथे स्कोअर ऐच्छिक आहे तिथे ज्यांचे स्कोअर चांगले तेच पाठवतात, कमीवाले पाठवत नाहीत, त्यामुळे छापलेली रेंज खऱ्या वर्गापेक्षा वरची दिसते. तिथेच किती टक्के मुलांनी स्कोअर पाठवला तेही दिलेलं असतं, तो आकडा बघा. अर्ध्याहून कमी मुलांनी पाठवला असेल तर त्या रेंजला फार मनाला लावून घेऊ नका. अशा ऐच्छिक कॉलेजांना १४३० पाठवायचा की नाही याचा माझा साधा ठोकताळा असा, २५ व्या पर्सेंटाइलच्या वर असेल तर पाठवायच्या बाजूने विचार सुरू करायचा, मधल्या आकड्याच्या वर असेल तर डोळे झाकून पाठवायचा.

अजून एक. स्कोअर वाचणारी माणसं तिच्या शाळेसोबत वाचतात, शाळेचं प्रोफाइल अर्जाबरोबर जातं. डार्टमथने स्कोअर परत मागायला सुरुवात केली त्यामागचं एक कारणच हे होतं की साध्या, कमी साधनांच्या शाळांतल्या मुलांनी १४०० च्या घरातले स्कोअर कमी समजून लपवले, आणि ते पाठवले असते तर त्यांना फायदा झाला असता. म्हणजे तोच १४३० एका शाळेतून फार मोठा दिसतो. पण तुमची मुलगी अशा शाळेत असेल की जिथे शेजारच्या बाकावरच्या चौघांना १५०० च्या वर आहेत, आणि आपली बरीच मराठी घरं मुद्दाम अशाच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये राहायला जातात, तर तिथे १४३० नुसता ठीक दिसेल. हे ऐकायला बरं वाटत नाही पण माहीत असलेलं बरं. शाळेच्या काउन्सेलरला विचारा की मागच्या दोन-तीन वर्षांत आपल्या शाळेतून अमुक कॉलेजला गेलेल्या मुलांचे स्कोअर कसे होते, बऱ्याच शाळांकडे हा डेटा असतो आणि तो कुठल्याही वेबसाइटपेक्षा तुमच्या जास्त कामाचा आहे.

आता बाबांच्या १५०० बद्दल. गोल आकड्याचं हे आकर्षण फक्त त्यांनाच नाही. गुडमन, गुरांत्झ आणि स्मिथ या तीन अर्थतज्ज्ञांचा एसएटी परत देण्यावरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यांना दिसलं की शंभराच्या पटीच्या जरा खाली अडकलेली मुलं जरा वर असलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात परत परीक्षा देतात, तयारीत काही फरक नसताना, फक्त डावीकडचा अंक आवडला नाही म्हणून. त्याच अभ्यासात हेही आलंय की परत देणाऱ्यांचे स्कोअर चांगले वाढतात आणि चार वर्षांच्या कॉलेजात जाण्याचं प्रमाणही वाढतं, विशेषतः कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांचं, आणि तरी जवळपास निम्मी मुलं एकदाच देतात. म्हणून ज्या मुलाने एकदाच दिलीय त्याने दुसऱ्यांदा द्यावी याकडे माझा साधारण कल असतोच. पण त्या अभ्यासातला मोठा फायदा कॉलेजला जाणं की न जाणं या काठावरच्या मुलांचा आहे, तुमची मुलगी त्या काठावर नाही, ती कॉलेजला जाणारच आहे. तेव्हा अभ्यासाचा आधार घेऊन तिच्यावर जोर करू नका.

दुसऱ्या प्रयत्नाच्या बाजूने खरी भक्कम गोष्ट म्हणजे सुपरस्कोअर. बरीच कॉलेजं वेगवेगळ्या तारखांमधला सगळ्यात चांगला मॅथ आणि सगळ्यात चांगला इंग्लिश घेऊन बेरीज करतात. म्हणजे तिचे ७६० त्या कॉलेजांपुरते जमा झालेत, ऑगस्टमध्ये मॅथ ७२० आलं तरी ते कुठे जात नाहीत, आणि इंग्लिश ६७० चे ७२० झाले तर एकूण १४८०. सगळी तयारी एकाच विषयाची, म्हणून भारही निम्मा. पण सगळीच कॉलेजं सुपरस्कोअर करत नाहीत, काही एकाच दिवसाचा सगळ्यात चांगला एकूण स्कोअर धरतात, आणि काही थोडी सगळ्या प्रयत्नांचे स्कोअर मागतात. कॉलेजांच्या यादीच्या कागदावर यासाठी अजून एक रकाना वाढवा. कुठला दिवस पाठवायचा ते स्कोअर चॉइसमध्ये निवडता येतं, पण एका दिवसाचं फक्त मॅथ आणि दुसऱ्या दिवसाचं फक्त इंग्लिश असं पाठवता येत नाही, अख्खा दिवस जातो. दुसऱ्या वेळी कमी पडले म्हणून कोणी नाव खराब करत नाही, ही भीती काढून टाका.

स्कॉलरशिपसाठी द्यायची असेल तर गणित वेगळं. काही युनिव्हर्सिट्या जीपीए (शाळेतल्या ग्रेड्सची सरासरी) आणि स्कोअरचं टेबलच छापतात, अमुक स्कोअरला अमुक पैसे, अलाबामा त्यातली प्रसिद्ध. तिथे दहा पॉइंटनेही दर वर्षीचे हजारो डॉलर इकडचे तिकडे होऊ शकतात, आणि तुम्ही अशा रेषेच्या खाली वीस पॉइंट असाल तर परत द्या, इतका विचार नको. गोल आकड्याला खरा अर्थ असलेली ती जागा.

एसीटीकडे वळायचं का असंही काही जण सुचवतील. १४३० म्हणजे एसीटीचे साधारण ३२. मुलगी भरभर वाचणारी असेल आणि प्रश्नाच्या शब्दांच्या जाळ्यात अडकत असेल तर एक सराव टेस्ट देऊन बघायला हरकत नाही, २०२५ पासून ती छोटी झालीय आणि सायन्स ऐच्छिक झालंय. सरावात ३४ आले तर बोला, ३२-३३ आले तर विषय सोडा.

आता वेळ, कारण सीनियर इयरच्या (बारावीच्या) आधीचा उन्हाळा हा मुलांकडचा सगळ्यात महाग माल आहे. १ ऑगस्टला कॉमन ॲप, म्हणजे बऱ्याच कॉलेजांचा एकच ऑनलाइन अर्ज, नव्या वर्षासाठी उघडतं, बऱ्याच अर्ली (लवकर निकाल देणाऱ्या) अर्जांची तारीख १ नोव्हेंबर, काहींची त्याहून आधी. ऑगस्टची परीक्षा दिली तर स्कोअर दोनेक आठवड्यांत हातात येतात आणि यादी ठरवायला वेळ मिळतो. ऑक्टोबरवर ढकललं तर एपीच्या वर्गांचा पहिला युनिट टेस्टचा आठवडा, एसे, शिफारसपत्रं आणि एसएटी सगळं एकाच वेळी येतं, आणि त्यात सगळ्यात जास्त नुकसान ग्रेड्सचं होतं, ज्यांना बहुतेक सगळी कॉलेजं स्कोअरपेक्षा जास्त महत्त्व देतात. म्हणून द्यायची तर ऑगस्ट, नाहीतर नाही.

मुलगी पुरे म्हणतेय त्याकडे मी गंभीरपणे बघतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने नको असताना दिलेली परीक्षा वर जात नाही, ती पुस्तकासमोर बसते आणि अभ्यास होत नाही. पण पुरे म्हणजे काय ते तिला विचारा, बाबा खोलीत नसताना. कधीकधी त्याचा अर्थ मला परत अपयश नकोय असा असतो, कधी मला कोणी विचारतच नाहीये असा असतो, आणि कधी खरंच मी माझी कॉलेजं बघून ठरवलंय असा असतो. तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत. आणि यादीचा कागद तिलाच बनवू द्या, तिने स्वतः रकाने भरले की बहुतेक वेळा भांडण न होता उत्तर तिच्याच तोंडून येतं.

मला काय वाटतं विचारलंत म्हणून, मिळाली तेवढ्या माहितीवर: यादीत स्कोअर मागणारी निदान तीन-चार कॉलेजं असतील आणि तिच्या रिपोर्टमध्ये कन्व्हेन्शन्स किंवा एक्स्प्रेशनची पट्टी आखूड असेल, किंवा सरावात ती १४७० च्या वर जात असेल, तर ऑगस्टला बसवा. तयारी फक्त इंग्लिशची, आठवड्यातून चार दिवस, दिवसाला तासभर, जुलैच्या मध्यापासून दर दुसऱ्या शनिवारी एक पूर्ण टेस्ट, ब्लूबुकमधल्या न दिलेल्या टेस्ट त्यासाठी राखून ठेवा, त्या मोजक्याच आहेत. मॅथचे आठवड्याला वीसेक प्रश्न, हात बसलेला राहावा एवढंच. सकाळचे एसे, दुपारी हे, संध्याकाळ तिची. यातलं काहीच लागू होत नसेल तर १४३० ठेवा आणि बाबांना हे सगळं वाचायला द्या.

आणि द्यायची ठरली तर घरात आधीच ठरवून टाका की ऑगस्टनंतर विषय बंद, १४२० आले तरी आणि १४९० आले तरी. तिसऱ्या-चौथ्या वेळी बसणाऱ्यांचा स्कोअर माझ्या पाहण्यात फारसा हलत नाही. १४९० आल्यावर बाबांना मोह होईल, डावीकडचा तो अंक परत दिसेल, तेव्हासाठीच हे आत्ता ठरवायचं.

रजिस्ट्रेशन मात्र निर्णय होईपर्यंत थांबवू नका. ऑगस्टची तारीख सगळ्यात लवकर भरते, कॅलिफोर्नियात तर जवळ सेंटर मिळत नाही म्हणून मुलं दोन-दोन तास गाडीने जातात. आज जागा घेऊन ठेवा, नको ठरलं तर मुदतीत रद्द करता येते, थोडे पैसे जातात. स्कोअर रिपोर्टच्या त्या चार पट्ट्या आणि सरावाचे शेवटचे तीन स्कोअर इथे लिहा, मग मी ऑगस्टबद्दल हो की नाही ते एका शब्दात सांगतो.